गाडी चालवताना फोन आणि गोव्यातले पोलीस: चावी फिरवण्याआधीपासून पावती भरेपर्यंत काय काय करायचं

माझं पहिलं चलान हेल्मेटमुळे झालं, म्हणजे हेल्मेट घातलं होतं म्हणून झालं. फोन वाजला, मी तो सरळ हेल्मेट आणि कानाच्या मध्ये खुपसला, दोन्ही हात हँडलवर, स्पीड चाळीसच्या आत, आणि मनात एकदम पक्कं की आपण काही चुकीचं करत नाहीये कारण फोन हातात आहेच कुठे. मांडवी पुलावरून वर पर्वरीच्या चढाला लागलो तर हवालदारानं हात दाखवला, "बाजूक घे रे" म्हणाला, आणि मी खाली उतरून त्याला "हातात नव्हता, हातात नव्हता" समजावत होतो तेव्हा फोन तसाच हेल्मेटात अडकलेला आणि आतून आमच्या मामाचं "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" चालू. हवालदार हसला, पण पावती फाडलीच.

मी वकील नाही. म्हापसा ते पणजी रोज ये-जा करणारा साधा नोकरदार आहे, पण त्या पावतीनंतर डोकं फिरलं म्हणून कायदा बसून वाचला, पोर्टल धुंडाळलं, ओळखीच्या दोन-तीन जणांच्या भानगडी निस्तरल्या. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितो, कारण लोक मला सारखं तेच तेच विचारतात.

आधी कायदा काय म्हणतो ते

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १८४ म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग. २०१९ च्या दुरुस्तीत या कलमाखाली काय काय धरायचं ती यादीच टाकली, सिग्नल तोडणं, स्टॉपची खूण न मानणं, चुकीचं ओव्हरटेक, उलट दिशेनं गाडी घालणं, आणि त्यातच हँडहेल्ड संपर्क साधन वापरणं. म्हणजे आपल्याला जे 'जरा फोन बघितला' वाटतं ते कायद्याच्या हिशेबात उलट्या दिशेनं गाडी हाणण्याच्या रांगेत बसतं. शिक्षा पहिल्यांदा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत परत सापडलात तर कैद २ वर्षांपर्यंत किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. घाबरू नका, साध्या फोनच्या केसमध्ये कोणी उचलून कोलव्याळच्या तुरुंगात टाकत नाही, कारण कलम २०० खाली फोनपुरता हा गुन्हा जागेवर दंड भरून मिटवता येतो आणि ती रक्कम राज्य सरकार ठरवतं. गोव्यात वाढीव दंड बाकीच्या बऱ्याच राज्यांनंतर, २०२२ च्या एप्रिलपासून लागू झाले, तोवर आपल्याकडे जुनेच रेट चालू होते.

आता माझ्या हेल्मेटाचं. कायद्यात शब्द आहे हँडहेल्ड साधन, म्हणजे हातात धरायचं यंत्र. मी 'हातात नव्हता' म्हणत भांडत होतो पण फोन हेल्मेटात घुसवला म्हणून तो काही दुसरं यंत्र होत नाही, आणि शिवाय मान वाकडी करून चालवणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. खांदा आणि कानामध्ये धरणारे, मांडीवर स्पीकर लावून ठेवणारे, सगळे त्याच पंगतीतले. हा वाद रस्त्यावर घालू नका, मी घातलाय, काही उपयोग होत नाही.

एक सूट मात्र खरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून स्पष्ट लिहिलंय की असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल आणि तेही ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. म्हणजे मॅप चालेल, मॅप बघता बघता आलेला व्हॉट्सअ‍ॅप वाचला तर नाही चालणार, आणि मॅप एका हातात धरून दुसऱ्या हातानं स्कूटर चालवणं तर अजिबात नाही, जे आपल्याकडे बागा-कळंगुट साईडला रोज दिसतं, मागे बसलेली मैत्रीण मोकळी आणि फोन पुढच्याच्या हातात. अरे तिच्याकडे दे ना.

चावी फिरवण्याआधी

खरं काम इथेच असतं. पत्ता आधी टाका, रूट सुरू करा, आवाज मोठा करा, मग गिअर. कारमध्ये होल्डर डॅशबोर्डवर खाली, एसीच्या जाळीपाशी लावा, काचेच्या मधोमध चिकटवला की समोरचा रस्ताच झाकला जातो. स्कूटरवर होल्डर लावणार असाल तर पावसाचा विचार करा, जून ते सप्टेंबर आपल्याकडे स्क्रीनवर पाणी पडलं की फोन स्वतःच बटणं दाबत सुटतो, माझ्या फोननं एकदा करासवाड्याच्या सर्कलला आपोआप ऑफिसच्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लावला होता आणि तो बंद करायला मी जे केलं ते नेमकं कलम १८४. तेव्हापासून पावसाळ्यात फोन डिकीत. ब्लूटूथचा एक इअरफोन एका कानात घालून मॅप ऐकणारे आहेत, पण बाहेरून बघणाऱ्या पोलिसाला तुम्ही मॅप ऐकताय की गाणी हे कळत नाही, थांबवायला तेवढं पुरतं, म्हणून स्कूटरवर मी तेही बंद केलं.

फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, तो गाडीच्या ब्लूटूथला जोडला की आपोआप चालू होईल असं सेट करा, कॉल करणाऱ्याला मेसेज जातो की गाडी चालवतोय. पाच मिनिटांचं काम आहे.

गणित एकदाच सांगतो. ताशी ६० नं जाताना सेकंदाला साडेसोळा मीटरपेक्षा जास्त अंतर कापलं जातं, तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर पन्नास मीटर, म्हणजे आपली एक कदंबा, गोव्याची सरकारी बस, तिच्यामागे दुसरी, तिसरी आणि चौथीसुद्धा, सगळं डोळे मिटून पार केलं.

फोन घ्यायचाच आहे तर

डावा इंडिकेटर, आरसा, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, इंजिन बंद, मग फोन. पेट्रोल पंपाचं आवार, हॉटेलचं पार्किंग, देवळासमोरचं मैदान, काहीही चालेल. पुलावर नाही, मांडवीवर नाही आणि झुआरीच्या नव्या पुलावर तर नाहीच, तिथे आधीच सेल्फीवाले गाड्या थांबवून उभे असतात. कदंबाच्या बस स्टॉपच्या पट्ट्यातही नको, मागून बस आली की शिव्या वेगळ्या आणि पावती वेगळी.

सिग्नलला उभं असताना बघितलं तर? हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. इंजिन चालू, गाडी रस्त्यावरच्या लेनमध्ये, ड्रायव्हर सीटवर, म्हणजे पोलिसाच्या लेखी तुम्ही गाडी चालवताय, आणि उलट सिग्नलवर पकडणं त्यांना सोपं जातं कारण तुम्ही पळणार कुठे. तिथे बघू नका.

याउलट चोडणच्या फेरीबोटीत चढलात, गाडी स्टँडवर लावली, इंजिन बंद, की मांडवी ओलांडेपर्यंत सगळे मेसेज वाचा, मामालाही फोन करा. माझा एक दोस्त पुलानं जायचं सोडून मुद्दाम रायबंदरला येऊन फेरी धरतो, म्हणतो ऑफिसच्या फोनांसाठी एवढी शांत जागा गोव्यात दुसरी नाही.

हात दाखवला, आता काय

थांबा. निसटून जायचा विचार मनातही आणू नका, नंबर टिपलेला असतो, फोटो असतो, आणि पोलिसाचा कायदेशीर हुकूम न मानणं हा कलम १७९ खाली वेगळा गुन्हा आहे, २,००० पर्यंत दंड. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा, आणि फोन खिशात घाला बाबांनो, मी तेवढंही केलं नव्हतं.

युनिफॉर्ममधल्या पोलिसानं मागितलं की लायसन दाखवावं लागतं, हे कलम १३०. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी पण तयार ठेवा कारण फोनसाठी थांबवलं तरी बघितलं सगळंच जातं, आणि तिथेच माणूस फसतो: फोनचं एक, मागे बसलेल्यानं हेल्मेट घातलं नाही त्याचं एक हजार आणि वर तीन महिने लायसन अपात्र होण्याची तरतूद, सीटबेल्टचे एक हजार, इन्शुरन्स संपलेला असेल तर पहिल्यांदा दोन हजार. डिजीलॉकर आणि एमपरिवहन मधली कागदपत्रं चालतात, तो नियम आहे, पण अ‍ॅप उघडून दाखवा, गॅलरीतला स्क्रीनशॉट किंवा कोणीतरी पाठवलेला फोटो चालत नाही म्हटलं तर वाद घालू नका. सत्तरीच्या आत किंवा चोर्ला घाटात रेंज गेली की डिजीलॉकर गोल गोल फिरत बसतं, म्हणून लायसनचं कार्ड पाकिटात असू द्या. आणि हो, फोनवर बोलल्याबद्दल पकडलं आणि लायसन दाखवायला परत तोच फोन काढला, यात कोणाला गंमत वाटत असेल तर ती तिथे बोलून दाखवू नका.

बोलायचं कसं, तर साधं. "चुकलं साहेब" एवढं पुरे, कोकणीत बोललात तर आणखी बरं. आपल्याकडे लगेच पंचाला नाहीतर आमदाराच्या पीएला फोन लावायची सवय आहे, ज्या गोष्टीसाठी पकडलं तीच गोष्ट पोलिसासमोर करायची, त्यानं काम होत नाही आणि मागे उभ्या बारा गाड्यांसमोर शोभा होते.

तुमची बाजू पण माहीत असू दे. चावी काढून घ्यायचा अधिकार असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. गाडी अडकवून ठेवण्याचं कलम २०७ आहे, पण ते लायसन नसणं, रजिस्ट्रेशन नसणं, परमिट नसणं असल्या गोष्टींसाठी, नुसत्या फोनसाठी नाही. फोन अनलॉक करून कॉल लिस्ट दाखवा हेही १८४ मध्ये नाही. पण हे सगळं ठाऊक असणं वेगळं आणि रस्त्यावर कायद्याचा क्लास घेणं वेगळं. कलम २०२ प्रमाणे समोर १८४ चा गुन्हा घडला तर युनिफॉर्ममधला पोलीस वॉरंटशिवाय अटकही करू शकतो, वापरत नाहीत सहसा, पण हातघाईवर आलात तर त्यांच्याकडे ते आहे.

पावती हातात आली की वाचा

ही पायरी लोक हमखास गाळतात, घाईत पैसे देऊन निघतात. उभं राहून पाच गोष्टी बघा: गाडीचा नंबर, तारीख-वेळ, जागा, कलम, रक्कम. माझ्या दुसऱ्या पावतीवर, होय दुसरी पण झाली, ती पार्किंगची होती, नंबरातला ३ चा ८ झाला होता, घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं, मग ते दुरुस्त करायला दोन फेऱ्या झाल्या, पहिल्या दिवशी सांगितलं साहेब जेवायला गेलेत आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं हे काल यायला हवं होतं.

कलम नीट बघा असं का म्हणतो, तर १७७ म्हणजे किरकोळ, पहिल्यांदा ५०० पर्यंतचं प्रकरण, आणि १८४ म्हणजे रेकॉर्डला धोकादायक ड्रायव्हिंग, तीन वर्षांत परत सापडलात तर दुसरा गुन्हा मोजला जाणार आणि लायसनवर येऊ शकतं. कागदावर काय लागलंय ते तुम्हाला ठाऊक पाहिजे.

आणि "पावती नको, काहीतरी बघा ना साहेब" हे आपण होऊन बोलू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हासुद्धा सरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. समोरून कोणी मागितली तर म्हणा मला पावती द्या, बस, एवढंच, शांतपणे, दोनदा.

लायसन काढून घेतलं तर

कलम २०६ मध्ये पोलिसांना १८४ च्या केसमध्ये लायसन जप्त करून ट्रान्सपोर्टच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येतं. अशा वेळी तिथेच पोचपावती घ्या, ती घेतल्याशिवाय हलू नका, पण १८४ च्या केसमध्ये लायसन परत येईपर्यंत त्या कागदावर गाडी चालवता येत नाही. पुढे कलम १९ प्रमाणे तुम्हाला म्हणणं मांडायची संधी देऊन अधिकारी ठरवतो, पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, परत परत असेल तर लायसन रद्दच. हे नुसतं पुस्तकात नाही, २०१५ मध्येच सुप्रीम कोर्टाच्या रोड सेफ्टी कमिटीनं सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की फोनवर बोलत चालवणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने सस्पेंड करा. सुनावणीची नोटीस आली तर जा. नोटीस आली आणि गेलो नाही म्हणजे मिटलं असं समजणारे माझ्या ओळखीत दोन आहेत, एक तर टॅक्सी चालवतो, तीन महिने गाडी अंगणात उभी, भाऊ चालवणार म्हणाला तर त्याच्याकडे टॅक्सी चालवायचा बॅज नाही.

कॅमेऱ्यानं पकडलं तर

२०२३ च्या जूनपासून मेरशी जंक्शनवर एआयवाले कॅमेरे लावून चलान सुरू झालं, सिग्नल, हेल्मेट, सीटबेल्ट, फोन, सगळं बघतात. तिथे हवालदार नाही, "चुकलं साहेब" म्हणायला कोणी नाही, थेट मालकाच्या मोबाईलवर मेसेज. म्हणून पहिलं काम, तुमच्या आरसीला जोडलेला मोबाईल नंबर जुना असेल तर परिवहनच्या साईटवरून बदलून घ्या, कित्येकांचा नंबर गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या पोरानं टाकलेला असतो.

मग ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन वर जा. चलान नंबरनं बघता येतं, लायसन नंबरनं बघता येतं, किंवा गाडीच्या नंबरनं, त्यासाठी चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक लागतात, आरसीवर असतात. ओटीपी येतो, टाका, यादी उघडते, फोटो उघडतो. फोटो मोठा करून बघा, खरंच फोन आहे का, की कान खाजवत होता, नंबर प्लेट तुमचीच आहे का, गाडीचा रंग तोच आहे का. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७-ए प्रमाणे असल्या चलानला गुन्हा आणि नंबर प्लेट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, जागा आणि कुठलं कलम मोडलं ते लागतं, आणि नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायची असते. कॅमेऱ्याला मान्यतेचं सर्टिफिकेट लागतं आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं. यातलं काही नसेल तर तुमच्याकडे बोलायला जागा आहे.

चूक मान्य असेल तर तिथेच ऑनलाईन भरा आणि पावतीची पीडीएफ ठेवा. मान्य नसेल तर आधी पैसे भरू नका, भरलं म्हणजे मान्य केलं. पोर्टलवर तक्रार टाका, फोटो आणि आरसी जोडा, ट्रॅफिक सेलला लेखी अर्ज देऊन शिक्का मारलेली कॉपी घ्या, आणि तरी नाही ऐकलं तर कोर्टात लढायचा हक्क आहेच. चारशे-पाचशेसाठी कोण वकील करतो हे खरं, पण १८४ चा डाग आणि लायसन पणाला लागलं असेल तर हिशेब बदलतो. नुसतं दुर्लक्ष मात्र करू नका, गाडी विकताना ते आडवं येतं.

एक सावधगिरी. व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमचं चलान बाकी आहे' असा मेसेज आणि खाली एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल, आली तर ती उघडू नका, ती बँक रिकामी करणारी फाईल असते. खऱ्या लिंकच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं. चुकून उघडलीच तर लगेच इंटरनेट बंद करा आणि १९३० ला फोन लावा, थांबलेल्या गाडीतून.

गाडी दुसऱ्याच्या हातात असेल तर

रेंट-अ-बाईकवाल्यांना हे तोंडपाठ आहे, टुरिस्ट फोन धरून फिरतो आणि मेसेज मालकाला येतो. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं ते सांगणं मालकाचं काम आहे, म्हणून गाडी देताना लायसनचा फोटो, वेळ आणि सही घ्या, भाच्याला दिली तरी निदान वेळ लक्षात ठेवा. अठराच्या आतल्या पोराला दिली तर विषयच वेगळा, पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड. गाडी विकली असेल तर ट्रान्सफर झाली की नाही स्वतः बघा, आमच्या वाड्यावरच्या एकाला विकलेल्या स्कूटरची चलानं दीड वर्ष येत होती.

पोलीसच फोनवर बोलत गाडी चालवताना दिसले तर? कलम २१०-बी, कायदा राबवणाऱ्यानं तो मोडला तर दंड दुप्पट. पण फोटो काढायचा असेल तर स्वतः चालवताना काढू नका, मागे बसलेल्याला सांगा. गोवा पोलिसांनी २०१७ मध्ये ट्रॅफिक सेंटिनल नावाची योजना काढली होती, लोकांनी नियम मोडणाऱ्यांचे फोटो पाठवायचे आणि पॉइंट मिळवायचे, तेव्हा काही जण स्वतःच चालत्या स्कूटरवरून फोटो काढताना मी पाहिलेत.

अपघात झाला तर मात्र हे पावतीचं प्रकरण राहत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार चालवण्याचं, आणि कोणी गेलं तर १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. तिथे मग फोन कधी वाजला, कॉल किती सेकंद चालला, सगळं कंपनीकडून मागवलं जातं.

शेवटची पायरी घरातली, कारण चालत्या गाडीवर फोन येतात ते घरचेच असतात. आमच्या घरी ठरवलंय, संध्याकाळी सहा ते सात मी रस्त्यावर, एकदा वाजून थांबला तर साधं काम, लागोपाठ दोनदा वाजला तर तातडीचं, मग मी पुढच्या पंपावर थांबतो. बायकोला जमलं, आईला आठवड्याभरात जमलं. मामाला अजून जमलेलं नाही, तो पाच-पाच वेळा लावतो, फक्त आता रिंग डिकीत रेनकोटखाली वाजते.